यत्न आणि विश्वास



माणसाने स्वत:च्या बळावर उभे राहावे की ईश्वरावर भार टाकून चालावे, हा प्रश्न फार जुना आहे. प्रत्येक धर्माने आणि प्रत्येक पिढीने तो आपापल्या परीने विचारला आहे. मराठी भाषेने तर त्याची उत्तरे म्हणींतच साठवून ठेवली आहेत. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण हातावर हात ठेवून बसणाऱ्याची थट्टा करते. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ ही म्हण यत्न आणि देव यांना एकाच वाटेवर आणून उभे करते. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त यत्नाला जे थोर स्थान दिले, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. तेव्हा ख्रिस्ती विचारवंतांनी व साधकांनी या प्रश्नाचा कसा विचार केला, हे पाहताना आपण परक्या प्रांतात शिरत आहो असे मानण्याचे कारण नाही.

बीरगांवसारख्या ठिकाणी तर हा प्रश्न केवळ ग्रंथातला राहत नाही. रायपूरच्या उत्तरेस, उरला व सिलतरा येथील कारखान्यांच्या शेजारी वाढलेल्या या गावात दूरदूरच्या प्रांतांतून माणसे पोटासाठी आली आहेत. घर, शेत, भाऊबंद मागे टाकून आलेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी उरतात: आपले हात आणि आपली श्रद्धा. भट्टीपुढे उभे राहणाऱ्याला स्वावलंबन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु उद्या काम मिळेल की नाही, आजारपण आले तर मुलांचे काय, हे त्याच्या हातात नसते. जे हातात आहे आणि जे हातात नाही, त्यांच्या सीमेवरच हा प्रश्न उभा राहतो.

प्रथम ख्रिस्ती धर्मग्रंथाची भूमिका पाहू. येशूच्या उपदेशात आकाशातील पाखरांचा दृष्टांत आहे. ती पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत. तरी स्वर्गीय पिता त्यांना खाऊ घालतो. या दृष्टांताच्या आधारे कित्येकांनी निश्चिंत आळसाचे समर्थन केले आहे. वस्तुत: पाखरू घरट्यात चोच उघडून बसत नाही. ते पहाटे बाहेर पडते आणि दिवसभर दाणा शोधते. त्याला मनाई आहे ती चिंतेची, श्रमाची नव्हे. याच येशूने बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असेही सांगितले आहे. दुसरीकडे, अमाप पीक आल्यावर जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचे बेत करणारा आणि त्याच रात्री मरण पावणारा धनवान त्याने मूर्ख ठरविला. त्या धनवानाचा अपराध श्रम किंवा नियोजन हा नव्हता. आपल्या कोठारातील धान्यालाच आपले आयुष्य समजण्याची चूक त्याने केली होती.

जुन्या करारातील मान्न्याची कथाही अर्थपूर्ण आहे. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना आकाशातून अन्न मिळत असे, असे ती सांगते. पण ते अन्न प्रत्येकाला पहाटे उठून स्वत: वेचावे लागे, आणि उद्यासाठी राखून ठेवले तर ते नासून जाई. देणगी ईश्वराची आणि वेचणे माणसाचे, असा हा व्यवहार आहे. पौल तर तंबू शिवण्याचा धंदा करीत प्रवास करी. करिंथ येथे त्याने याच धंद्यावर गुजराण केली, आणि काम करू न इच्छिणाऱ्याला अन्नाचा हक्क नाही असे थेस्सलनीका येथील मंडळीला बजावले.

‘जो स्वत:ला मदत करतो त्याला ईश्वर मदत करतो’ हे वचन बायबलात आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ते बायबलात नाही. त्याचा आशय प्राचीन ग्रीक नीतिकथांत सापडतो, आणि त्याला आधुनिक काळात प्रसिद्धी मिळाली ती बेंजामिन फ्रँक्लिनच्या १७३६ सालच्या पंचांगामुळे. पुढे १८४१ साली एमर्सनने ‘सेल्फ-रिलायन्स’ हा निबंध लिहून माणसाने आपल्या आतल्या आवाजावर उभे राहावे असा पुरस्कार केला. ख्रिस्ती परंपरा या मताकडे सदैव काहीशा संशयाने पाहत आली आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियसने माणूस आपल्या इच्छाशक्तीने सन्मार्गावर चालू शकतो असे प्रतिपादन केले, तेव्हा ऑगस्टीनने ईश्वरी कृपेवाचून ते शक्य नाही असा आग्रह धरला, आणि ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने ऑगस्टीनची बाजू घेतली. तथापि हा वाद माणसाच्या उद्धारासंबंधी होता, भाकरीसंबंधी नव्हता. कृपेने तारला गेलेला माणूसही शेत नांगरतोच. म्हणून या प्रश्नाचे खरे परीक्षण धर्मसभांपेक्षा दुष्काळ, जमीन, पगार आणि पोटाची भूक जेथे असते तेथे झाले. त्याची काही उदाहरणे छत्तीसगड आणि महाराष्ट्र या दोन शेजारी प्रदेशांत सापडतात.

पहिले उदाहरण रायपूरच्या पंचक्रोशीतले आहे. १८६८ साली ऑस्कर लोर नावाचे जर्मन मिशनरी रायपूरला आले. त्यांना पाठविणारी संस्था अमेरिकेतील जर्मनभाषी ख्रिस्ती लोकांनी स्थापन केली होती. गुरू घासीदासांच्या सतनाम पंथात मूर्तिपूजा नाही, एका सत्यनामाची उपासना आहे, हे पाहून लोर यांना फार आशा वाटली. हा सारा समाज लवकरच ख्रिस्ताचा स्वीकार करील असे त्यांनी मानले. तसे घडले नाही. सतनामी समाजाची स्वत:ची श्रद्धा दृढ होती. जी थोडी कुटुंबे ख्रिस्ती झाली, त्यांच्यासाठी मिशनने सरकारकडून विस्तीर्ण पडीक जमीन घेऊन विश्रामपूर हे गाव वसविले.

येथे एक कठीण गुंता निर्माण झाला. त्या काळी मध्य प्रांतात मालगुजारीची पद्धत होती. मालगुजार हा गावाचा धनी असे; सारा वसूल करणे, जमीन कुळांना देणे, पडीक आणि जंगल यांवर हुकमत चालविणे हे सारे त्याच्याकडे असे. विश्रामपुरात मिशनच मालगुजार झाले. त्यामुळे रविवारी प्रार्थना चालविणारा, सोमवारी सारा मागणारा, शाळा चालविणारा, मजुरी देणारा आणि भांडणांचा निवाडा करणारा माणूस एकच असे. धर्मांतरामुळे नातेवाइकांनी व जातीने ज्यांच्याशी संबंध तोडले, त्या कुटुंबांना आधार देणे आवश्यकच होते. त्यात मिशनचा हेतू चांगला होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ईश्वरावर विश्वास ठेवावा असे ऐकणाऱ्या माणसाच्या रोजच्या अनुभवात ईश्वराच्या जागी मिशनरीच उभा राहिला. बियाणे कोण देणार, औषध कोण देणार, दुष्काळात धान्य कोण देणार, या सर्व प्रश्नांचे उत्तर ‘मालक’ हेच होते. गावकऱ्यांच्या अवलंबित्वाबद्दल तक्रार करायची ती मिशननेच, आणि ते अवलंबित्व ज्या व्यवस्थेतून उपजले ती चालवायची तीही मिशननेच, असा हा विरोधाभास होता.

याच धोक्याचा विचार मिशनच्या धुरीणांपैकी काहींनी फार पूर्वी केला होता. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी १८५४-५५ साली भारताचा दौरा करून येथील कार्याची पाहणी केली. स्थानिक मंडळ्या स्वत:चा कारभार पाहणाऱ्या, स्वत:चा खर्च सोसणाऱ्या आणि स्वत: धर्मप्रसार करणाऱ्या असाव्यात, हे सूत्र त्यांनी मांडले. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन यांनीही हाच विचार मांडला होता. अहमदनगर व आसपासच्या मराठी मंडळ्यांपुढे हे सूत्र त्या काळापासून आहे. पण सूत्र मांडणे सोपे होते. मंडळीतील बहुतेक लोक भूमिहीन वा अल्पभूधारक असताना, दर तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाऊस दगा देत असताना, खर्च सोसायचा कशाच्या बळावर, हा प्रश्न सूत्राने सुटत नव्हता.

दुष्काळाचा उल्लेख आला की पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. यत्न आणि विश्वास या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या जीवनात इतक्या तीव्रतेने एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण मराठी इतिहासात क्वचितच आढळेल.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न विद्वान होते. पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविण्याचे धैर्य त्यांनी त्या काळात दाखविले. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात त्यांच्याजवळचे सर्व संपले. त्या दिवसांची हकीकत रमाबाईंनी पुढे स्वत: लिहून ठेवली आहे. पोटासाठी लौकिक विद्या शिकणे कमीपणाचे, अंगमेहनत करणे प्रतिष्ठेला न शोभणारे, आणि भीक मागणे तर अशक्यच, अशा समजुतींत हे कुटुंब अडकले होते. होते नव्हते ते देवकार्यात व दानधर्मात खर्ची पडले, देवता संकट निवारतील या आशेवर दिवस गेले, आणि अखेर झाडपाला खाण्याची वेळ आली. काही महिन्यांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास मागे उरले.

हा अनुभव रमाबाई ख्रिस्ती होण्याच्या सुमारे नऊ वर्षे आधीचा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ईश्वरावर भार टाकणे आणि हात न हलविणे या दोहोंची गल्लत झाली की काय होते, हे त्यांनी सोळाव्या वर्षी घरातच पाहिले होते. दोष एखाद्या धर्माचा होता असे म्हणून हा विषय संपविता येत नाही. कारण श्रमाची लाज बाळगणारी श्रद्धा कोणत्याही धर्माच्या घरात वाढू शकते. रमाबाईंच्या पुढील सर्व कार्यात श्रमाला जे मानाचे स्थान मिळाले, त्याचे मूळ या आठवणीत शोधावे लागेल.

१८७८ साली कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली बंधू गेले, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी, कन्या मनोरमा जेमतेम वर्षाची असताना वैधव्य आले. पुढल्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या कार्यास साह्य करण्यासाठी एक संस्था निघाली आणि तिने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. १८९३ साली सदनातील मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढीवरून मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून घेतल्या. लोकमताचा आधार सुटला होता, आणि परदेशी मदतीची मुदतही १८९८ साली संपणार होती.

अशा वेळी रमाबाईंनी केले ते अत्यंत व्यवहारी काम होते. पुण्याच्या पूर्वेस रेल्वेमार्गावर केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि संत्री, लिंबे व आंबे यांची लागवड केली. दहा वर्षांची मुदत संपेल तेव्हा बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यामागचा हिशेब होता. बुरूज बांधण्यापूर्वी खर्च मोजणाऱ्या माणसाचा दृष्टांत त्यांनी अक्षरश: आचरणात आणला होता.

याच सुमारास ब्रिस्टल येथे अनाथालये चालविणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे आणि त्यांच्यासारख्या अन्य साधकांचे वृत्तांत त्यांच्या वाचनात आले. म्युलर यांनी १८३६ साली अनाथालय सुरू केले. १८९८ साली ते निवर्तले तोवर दहा हजारांपेक्षा अधिक मुलांचा सांभाळ तेथे झाला होता, आणि कोणाही माणसाकडे थेट पैसा मागायचा नाही, केवळ प्रार्थनेत ईश्वराकडे मागायचे, हा त्यांचा नियम होता. हिंदुस्थानात असा विश्वास ठेवून जगता येईल काय, असा प्रश्न रमाबाईंच्या मनात उभा राहिला.

उत्तर देण्याची वेळ फार लवकर आली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बोस्टनची मदत शारदासदनापुरती होती. दुष्काळग्रस्त मुलींसाठी तीत तरतूद नव्हती. बाग अजून पुरती फळाला आली नव्हती. हिशेबाने पाहिले तर रमाबाईंनी पुण्यातच थांबायला हवे होते. परंतु झाडपाला खाऊन काढलेले दिवस त्यांना आठवले, आणि त्या स्वत: मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी छावण्यांत आणि रस्त्यांवर निराधार झालेल्या, दलालांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुलींना व विधवांना त्यांनी आपल्याबरोबर आणले. प्लेगच्या साथीमुळे पुण्यात त्यांना ठेवणे शक्य नव्हते, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. यातूनच ‘मुक्ति’ ही संस्था जन्मास आली. १९०० साली गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. संत्र्यांची बाग इतक्या तोंडांना कशी पुरणार होती? स्वावलंबनासाठी आखलेली योजना विश्वासाने मोडून टाकली, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल.

केडगावात प्रत्यक्षात काय घडले ते पाहिले की हे मत बदलावे लागते. तेथे प्रार्थना होत होत्या. तशीच विहिरींची खोदाई चालू होती. मुली शेतात काम करीत, मागावर कापड विणीत, शिवणकाम करीत, तेलाचा घाणा चालवीत, गुरे सांभाळीत. अंध स्त्रियांना वाचन व हस्तव्यवसाय शिकविण्याची सोय होती. छापखान्यात स्त्रिया खिळे जुळवीत आणि यंत्र चालवीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कारण प्रचलित भाषांतराची भाषा खेड्यातील स्त्रीला जड जाते असे त्यांचे मत होते. त्या भाषांतराची छपाईही मुक्तिसदनातील स्त्रियांच्याच हातून झाली, आणि तो ग्रंथ रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्णत्वाने बाहेर आला. ज्या मुलीच्या कुटुंबाला दुष्काळाने गिळले होते, तिच्याच हाताने धर्मग्रंथाची पाने छापली जावीत, या घटनेत विश्वास कोठे संपतो आणि यत्न कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण आहे.

येथे एका रास्त आक्षेपाचा विचार केला पाहिजे. म्युलर कोणाकडे मागत नसत हे खरे, पण त्यांचे वार्षिक वृत्तांत छापले जात आणि हजारो लोक ते वाचीत. मुक्तीचेही इंग्रजी वार्तापत्र निघत असे आणि देणग्यांचा मोठा भाग परदेशांतून येई. मग ‘केवळ ईश्वराकडे मागितले’ या म्हणण्याला अर्थ काय? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. पैसा माणसांच्या खिशातून येत होता, आणि त्या माणसांना गरज कळत होती. परंतु या पद्धतीने एक गोष्ट निश्चित साधली. कोणताही एक देणगीदार, मंडळ वा समिती यांची मर्जी राखणे हा कार्याचा पाया राहिला नाही. दहा वर्षे एका संस्थेच्या अटींत काम केल्यानंतर रमाबाईंना या स्वातंत्र्याचे मोल पुरेपूर कळले होते. ईश्वरावरील विश्वासाने त्यांना दात्यांपुढे ताठ उभे राहण्याचे बळ दिले, आणि श्रमाने मुलींना आश्रयदात्यापुढे ताठ उभे राहण्याचे साधन दिले. विश्रामपूर व केडगाव यांतील फरक येथे आहे. मदत दोन्हीकडे होती. फरक असा की, केडगावात मदतीबरोबर हातात कसब येत होते, आणि कसब घेऊन बाहेर पडलेली स्त्री शिक्षिका वा परिचारिका होऊ शकत होती. अर्थात केडगावावरही एका प्रभावी व्यक्तीची छाया होती आणि अनेक स्त्रियांचे सारे आयुष्य त्याच आवारात गेले, हेही नमूद केले पाहिजे.

तिसऱ्या उदाहरणासाठी पुन्हा छत्तीसगडाकडे यावे लागते. १८९३ साली नारायण वामन टिळक हे कवी नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगाव संस्थानास निघाले होते. त्या आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे वीसाहून अधिक वर्षे ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. त्या काळात त्यांना एक गोष्ट सतत खुपत राहिली. मिशनच्या पगारावर उभा असलेला हिंदी ख्रिस्ती माणूस आपल्या देशबांधवांना परका वाटतो, आणि कालांतराने स्वत:लाही परका वाटू लागतो.

हा विचार त्यांच्या एकट्याचा नव्हता. स्वदेशीची चळवळ ऐन भरात असताना, २५ डिसेंबर १९०५ रोजी, सेरामपूर येथे हिंदी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना केली. माणसे हिंदी, पैसा हिंदी आणि नेतृत्व हिंदी, हे तिचे धोरण होते. टिळक आणखी पुढे गेले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. ठरलेला पगार सोडणे हे स्वावलंबन, की ईश्वरावर टाकलेला भार? टिळकांच्या बाबतीत दोन्ही शब्द एकाच कृतीला लागू पडतात. मिशनच्या तिजोरीवरचे अवलंबित्व सोडल्याखेरीज त्यांना आपल्या लोकांत आपल्या पायांवर उभे राहता येत नव्हते, आणि ईश्वरावर विसंबल्याखेरीज ते अवलंबित्व सोडता येत नव्हते. हा प्रयोग दीर्घकाळ चालावयाचा नव्हता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

मात्र या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी वाचकांना ठाऊक आहे. ईश्वरावर निश्चिंतपणे भार टाकणाऱ्या माणसाच्या घरात पिठाचा डबा कोणीतरी पाहावा लागतो. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. जो भेटेल त्या गरजवंताला तो जाई. संसाराची चिंता वाहिली ती लक्ष्मीबाईंनी. पतीच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली स्वत:च्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. विशेष शिक्षण न लाभलेल्या या स्त्रीने पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि मराठीतील एक अजोड आत्मकथा लिहिली. विश्वासाची चर्चा करताना हा मुद्दा दृष्टीआड होऊ देता कामा नये. आपल्या विश्वासाचा बोजा घरातील दुसऱ्या कोणाच्या श्रमांवर पडत असेल, तर त्या श्रमांचा मान राखणे हाही विश्वासाचाच भाग आहे.

या उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. स्वावलंबन आणि ईश्वरावरील विश्वास यांना आपण परस्परांचे विरोधी मानतो. पण विश्वासाच्या खऱ्या विरोधी गोष्टी निराळ्याच आहेत. एक म्हणजे गर्व. आपल्या कोठारावर आणि आपल्या मनगटावर आपले आयुष्य उभे आहे, अशी समजूत यात येते. अंगमेहनत आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही ही समजूतही यातच मोडते. दुसरी म्हणजे मिंधेपणा. कोणा माणसाच्या, संस्थेच्या वा धनवानाच्या मर्जीला ईश्वराच्या जागी बसविले की तो येतो. कोणाचाही विश्वास खरा आहे की नाही हे पारखायचे झाले, तर त्याने हात चालू लागतात की थांबतात, आणि मालकापुढे मान वर राहते की खाली जाते, हे पाहावे.

तथापि या कसोट्यांना उतरलेल्या विश्वासालाही यशाची हमी नसते. रमाबाईंनी आपल्या मागे कार्य सांभाळण्यासाठी मनोरमेला तयार केले होते. परदेशी शिकून आलेली ती कर्तबगार मुलगी आईच्या आधी, २४ जुलै १९२१ रोजी, मरण पावली. ज्या आईने हजारो मुली मृत्यूच्या दाढेतून ओढून काढल्या, तिची स्वत:ची एकुलती मुलगी वाचली नाही. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. पण त्या महिन्यांत बायबलाच्या भाषांतराचे राहिलेले काम त्यांनी थांबविले नाही. विश्वासाचे फळ म्हणून मागितलेले मिळते, असे मानणाऱ्याला या शेवटच्या महिन्यांचा अर्थ लागणार नाही. हातात घेतलेले काम फळाच्या आशेवाचून पुरे करण्याचे बळ माणसाला कोठून मिळते, हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला कदाचित लागेल.

विश्रामपुरातील मालगुजारी १९५० च्या कायद्याने सबंध मध्य प्रदेशातील मालगुजारीबरोबर संपुष्टात आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि निरनिराळ्या मिशनांच्या छायेत वाढलेल्या अनेक मंडळ्या एका स्वदेशी संघटनेत आल्या. अँडरसन यांनी मांडलेले सूत्र निदान कागदावर तरी पुरे झाले. कारभार आपल्या हाती आला म्हणजे मिंधेपणा आपोआप जातो असे मात्र नाही. तो मिशनरीला सोडून पुढाऱ्याला, ठेकेदाराला वा सावकाराला जाऊन चिकटू शकतो. म्हणून हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागतो. कारखान्याच्या भोंग्यावर उठणाऱ्या आणि रात्री मुलांच्या उशाशी हात जोडणाऱ्या माणसाला तो रोज सोडवावा लागतो. त्याने हात जोडावेत, आणि सकाळी तेच हात कामाला लावावेत. या दोन कृतींत विसंगती आहे असे पंडित म्हणतील. त्याच्या जीवनात मात्र ती एकाच दिवसाची दोन टोके आहेत.